फोलेला आरोग्य केंद्र : दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्यसेवेचा एक प्रयोग आणि त्याचा अस्त

प्रास्ताविक

प्राथमिक आरोग्यसेवेचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथ १९७८ च्या अल्मा-आता परिषदेपासून आरंभ करतात. फार तर चीनमधील ‘अनवाणी डॉक्टरां’चा मागोवा घेतला जातो, आणि महाराष्ट्रातील अभ्यासक जामखेडचे उदाहरण जोडतात. परंतु अल्मा-आतापूर्वी जवळजवळ चार दशके, म्हणजे १९४० साली, दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन नाताळ प्रांतात फोलेला या झुलूभाषक ग्रामीण प्रदेशात शासकीय खर्चाने एक आरोग्य केंद्र सुरू झाले होते. घरोघर जाणारे स्थानिक कार्यकर्ते, उपचार आणि प्रतिबंध यांची एकाच छपराखाली घातलेली सांगड, आणि आजारी मनुष्य केंद्रात येण्याची वाट न पाहता साऱ्या वस्तीचे आरोग्य ही आपली जबाबदारी मानणे, ही या केंद्राची वैशिष्ट्ये होत. पुढे जगभर मान्य झालेली बहुतेक तत्त्वे तेथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरली होती. तरीही वीस वर्षांच्या आत या प्रयोगाचा प्राण गेला. तो कशामुळे गेला याचा शोध घेताना औषधे मोफत होती की नव्हती यापेक्षा निराळेच प्रश्न पुढे येतात. प्रस्तुत निबंधात त्यांचा विचार केला आहे.

प्रदेश आणि काळ

फोलेला हा ड्रॅकेन्सबर्ग पर्वताच्या पायथ्याचा, बल्वर या लहानशा गावाजवळचा डोंगराळ भाग. १९१३ च्या भूमी कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकन लोकांना देशातील अवघी सात टक्क्यांच्या आसपास जमीन राखीव ठेवली. १९३६ च्या कायद्याने ही मर्यादा सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत वाढविण्याचे ठरले. फोलेला अशाच राखीव प्रदेशात मोडत होता. थोड्या जमिनीवर पुष्कळ माणसे आणि पुष्कळ गुरे, त्यामुळे उतारावरची माती वाहून गेलेली, कुरणे खरवडून निघालेली. घरातील धडधाकट पुरुष जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत किंवा दरबान व पीटरमारित्झबर्ग येथे मजुरीस गेलेले. मागे स्त्रिया, मुले आणि वृद्ध. मक्याच्या पिठाखेरीज अन्नात फारसे काही उरले नव्हते. पेलाग्रा आणि क्वाशिऑरकोर हे कुपोषणाचे विकार, क्षयरोग, उपदंश आणि मुलांची हगवण हे तेथील नित्याचे आजार होते.

अशा ठिकाणी शासनाने आरोग्य केंद्र काढावे याला एक प्रशासकीय कारणही होते, आणि ते लक्षात घेणे अगत्याचे आहे. १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य स्थापन झाले तेव्हा रुग्णालये प्रांतांकडे देण्यात आली. १९१९ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने निर्माण झालेल्या केंद्रीय खात्याकडे प्रामुख्याने साथीचे रोग आणि प्रतिबंधक कार्य राहिले. रुग्णालय उभारणे या खात्याच्या कक्षेबाहेरचे होते. ‘आरोग्य केंद्र’ मात्र उभारता येत होते. म्हणजे फोलेलाची मूळ कल्पना जितकी ध्येयवादातून आली तितकीच अधिकारक्षेत्राच्या एका फटीतूनही आली. पुढे हीच फट त्या प्रयोगाच्या मुळावर आली, हे ओघाने दिसेलच.

केंद्राची स्थापना सिडनी कार्क आणि एमिली कार्क या तरुण डॉक्टर दांपत्याने केली. दोघेही जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकलेले. आफ्रिकन शाळकरी मुलांच्या पोषणाच्या पाहणीचा सिडनी कार्क यांना अनुभव होता. या दांपत्याइतकेच महत्त्वाचे असलेले दुसरे दांपत्य म्हणजे एडवर्ड जाली आणि अमेलिया जाली. एडवर्ड यांनी फोर्ट हेअर येथे ‘वैद्यकीय साहाय्यक’ म्हणून शिक्षण घेतले होते, तर अमेलिया परिचारिका होत्या. वैद्यकीय साहाय्यकाचा तो अभ्यासक्रम आफ्रिकन तरुणांना पूर्ण डॉक्टर होऊ न देता ग्रामीण भागात दुय्यम कामासाठी तयार करणारा होता. प्रयोगाच्या इतिहासात कार्क यांचे नाव ठळक राहिले आणि जाली यांचे पुसट झाले. परंतु लोकांची भाषा, नातेसंबंधांची जाण आणि वस्तीतील विश्वास जाली दांपत्याकडे होता. त्यांच्यावाचून कार्क दांपत्याला घराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणे कठीण झाले असते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मोजणी : छेद कोणता?

फोलेलाची सर्वांत मोठी देणगी कोणती, असा प्रश्न केल्यास उत्तर औषधोपचारात सापडत नाही. ते एका नोंदवहीत सापडते. केंद्राने आरंभी एक मर्यादित क्षेत्र निश्चित केले आणि त्यातील प्रत्येक घराची नोंद केली. घरात माणसे किती, वये काय, कोण मजुरीस गेले आहे, पाणी कोठून येते, शेतात काय पिकते, गेल्या वर्षी कोण जन्मले आणि कोण दगावले हे सारे तीत येई. ही गणना दरवर्षी नव्याने होई, आणि कामाचा आवाका जसजसा वाढेल तसतशी शेजारची घरे त्यात समाविष्ट केली जात.

दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातील वही फक्त आलेल्यांना मोजते. शंभर मुले तपासली आणि वीस कुपोषित निघाली, एवढेच ती सांगते. न आलेली मुले किती आणि त्यांची अवस्था काय, याबाबत ती मुकी असते. फोलेलाच्या वहीत छेदस्थानी संपूर्ण वस्ती होती. त्यामुळे कोणता रोग खरोखर किती आहे आणि प्रयत्नांनी तो कमी होतो आहे की नाही, हे सांगणे प्रथमच शक्य झाले. केंद्राच्या नोंदींनुसार अर्भक-मृत्युदर १९४२ मध्ये दर हजार जन्मांमागे २७५ होता. १९५० च्या सुमारास तो १०० च्या आसपास उतरला. क्षेत्र लहान असल्याने एखाद-दुसऱ्या वर्षाचा आकडा फसवा असू शकतो, ही मर्यादा मान्य केली तरी घसरणीची दिशा निःसंशय होती.

घरोघर जाण्याचे काम आरोग्य साहाय्यकांचे. हे स्थानिक झुलूभाषक तरुण-तरुणी होते आणि त्यांना वेतन शासन देई. नाताळमध्ये मलेरिया-निर्मूलनासाठी आफ्रिकन साहाय्यक नेमण्याची पद्धत पूर्वीपासून रुळलेली होती. तीच वाट पुढे रुंद करण्यात आली. साहाय्यक घरी जाऊन खड्ड्याचे संडास कसे खणावेत, झऱ्याचे पाणी कसे राखावे, शेणखत कसे कुजवावे, परसात भाजीपाला कसा लावावा हे दाखवीत. केंद्राने स्वतःची नमुन्याची बाग केली. बियाणे एकत्र खरेदी करण्यासाठी सहकारी व्यवस्था उभी राहिली आणि भाजीचा लहानसा बाजारही भरू लागला. ज्या रोगांवर औषधाच्या बाटलीत उपाय नव्हता, त्यांवरचा उपाय वाफ्यात शोधला जात होता.

दूध, क्षय आणि ऐकण्याची कला

हे सर्व सरळपणे घडले असे समजण्याचे कारण नाही. केंद्रात काही वर्षे काम केलेले डॉ. जॉन कॅसल यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका वृत्तांतात यशाबरोबर फसगतीही प्रांजळपणे नोंदविल्या आहेत. वैद्यकीय लेखनात असा प्रांजळपणा विरळा.

दुधाचा प्रश्न घ्यावा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना दूध मिळावे ही पोषणशास्त्राची साधी अपेक्षा. परंतु झुलू समाजात गुरे ही कुळाच्या पूर्वजांशी जोडलेली. कुळातील गुरांचे दूध त्या कुळाच्या रक्ताच्या माणसांनीच प्यावे असा दंडक होता. लग्न होऊन आलेली स्त्री सासरच्या कुळाची नव्हे. शिवाय मासिक पाळीच्या व गरोदरपणाच्या काळात तिच्या स्पर्शाने गुरांना अपाय होतो अशी समजूत. परिणामी ज्या वयात स्त्रीला दुधाची सर्वाधिक गरज, त्याच वयात ते तिच्या वाट्याला येत नसे. व्याख्याने देऊन ही समजूत मोडण्याचा खटाटोप केंद्राने केला नाही. त्याने दुधाची भुकटी आणली. ती सासरच्या गोठ्यातली नसल्यामुळे नवऱ्यांनी वा सासवांनी तिला हरकत घेतली नाही. भुकटी दुधाचीच असते हे लोकांना ठाऊक होते, तरीही ‘पीठ’ म्हणून ती चालून गेली. सोवळ्याओवळ्याच्या बारकाव्यांतून अशा पळवाटा काढण्याची कला महाराष्ट्रातील वाचकाला मुळीच अपरिचित वाटणार नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत मात्र केंद्राचा पाय घसरला. एका घरातील क्षयबाधित मुलीच्या वडिलांना डॉक्टरांनी समजावून सांगितले की, घरातील इतरांना हा रोग तिच्यापासून लागला. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने विधान अचूक होते. पण दुसऱ्याच्या अंगात रोग घालण्याची शक्ती फक्त चेटूक करणाऱ्याकडे असते अशी तेथील श्रद्धा. आपल्या मुलीवर चेटकीण असल्याचा आरोप होत आहे असे वडिलांना वाटले आणि त्यांनी पुढील सहकार्यास नकार दिला. या अनुभवानंतर केंद्रातील मंडळींनी संसर्गाविषयी बोलण्याची आपली रीत बदलली. शास्त्रीय सत्य सांगणे आणि ते ऐकले जाईल असे सांगणे यांतील अंतर त्यांना एका कुटुंबाच्या रोषातून कळले.

आहाराविषयीच्या गटचर्चांत तर इतिहास हेच साधन झाले. मका हाच आपला परंपरागत आहार, असे लोक ठामपणे सांगत. तेव्हा वृद्धांना त्यांच्या आजोबांच्या काळातील जेवणाविषयी विचारण्यात आले. त्यांच्या आठवणींतून ज्वारी-बाजरीसारखी धान्ये, रानभाज्या, शिकारीचे मांस आणि विपुल दूध यांचे चित्र उभे राहिले. मका हा मागाहून आलेला आणि जमीन आक्रसल्यावर सर्वेसर्वा झालेला पाहुणा ठरला. ‘परंपरा’ म्हणून जे जपले जात होते ते प्रत्यक्षात दारिद्र्याचे अपत्य होते, ही गोष्ट डॉक्टरांनी न सांगता लोकांनीच एकमेकांना सांगितली.

वाफ्याच्या पलीकडे

तथापि वाफा कितीही फुलला तरी खाणीकडे जाणारी वाट त्याने बंद होत नव्हती. याची स्पष्ट जाणीव कार्क यांच्या १९४९ मधील उपदंशाविषयीच्या निबंधात आढळते. उपदंशाचा प्रसार हा आफ्रिकन लोकांच्या नीतिमत्तेचा प्रश्न आहे, असे गोऱ्या समाजात सर्रास मानले जाई. कार्क यांनी तो मजुरीच्या व्यवस्थेचा प्रश्न ठरविला. खाणींनी पुरुषांना बायकामुलांविना बराकींत ठेवले. वर्षभराने ते घरी आले ते रोग घेऊन. गावात मागे राहिलेली कुटुंबे विस्कटली. जोवर स्थलांतरित मजुरीची ही पद्धत आहे तोवर इंजेक्शने देऊन रोग आटोक्यात येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या वेळी या निबंधाकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे एच.आय.व्ही.ने याच प्रदेशात, आजच्या क्वाझुलू-नाताळमध्ये, थैमान घातले तेव्हा अभ्यासकांना त्याची आठवण झाली. २००३ मध्ये साथरोगशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने तो पुनर्मुद्रित केला. मूळ प्रकाशनानंतर चौपन्न वर्षांनी!

आरोग्य केंद्र आपल्या हद्दीत जे करू शकते आणि जे करू शकत नाही, त्यांमधील रेषा फोलेलाच्या संस्थापकांनी स्वतःच आखली होती. मोफत सेवेच्या आजच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी दोघांनीही ही रेषा पाहण्यासारखी आहे.

राष्ट्रीय योजना आणि भोर समितीशी नाते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जगभर उद्याच्या समाजाची चित्रे रेखाटली जात होती. दक्षिण आफ्रिकेत १९४२ ते १९४४ या काळात हेन्री ग्लुकमन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आरोग्यसेवा आयोगाने काम केले. करांतून खर्च भागविणारी, वर्ण वा ऐपत न पाहता सर्व नागरिकांना हक्क म्हणून मिळणारी सेवा आयोगाने सुचविली. तिचा पाया म्हणून देशभर सुमारे ४०० आरोग्य केंद्रे असावीत, अशी शिफारस होती. नमुना अर्थातच फोलेलाचा. म्हणजे डोंगरातील एका राखीव प्रदेशात घडलेली गोष्ट गोऱ्या शहरांनाही लागू करण्याचे आयोगाने योजिले होते. त्या देशात असा उलटा प्रवास अपूर्व म्हटला पाहिजे.

याच सुमारास, ऑक्टोबर १९४३ मध्ये, भारतात सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तिच्या १९४६ च्या अहवालाचे सूत्र. प्राथमिक आरोग्य केंद्र ही संकल्पना भारतीय प्रशासनात रुजली ती याच अहवालातून. दोन्ही देशांना जोडणारा एक जिवंत दुवाही होता. वैद्यकाचे विख्यात इतिहासकार हेन्री सिगेरिस्ट यांनी १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून शासनपुरस्कृत आरोग्यसेवेचा पुरस्कार केला आणि तेथील तरुण डॉक्टरांवर खोल प्रभाव टाकला. हेच सिगेरिस्ट १९४४ च्या अखेरीस भोर समितीचे सल्लागार म्हणून भारतात आले होते. तेव्हा गावोगावचे आपले प्राथमिक आरोग्य केंद्र आणि फोलेला यांना एका वैचारिक कुळातील भावंडे म्हणण्यास हरकत नसावी.

भावंडांचे नशीब मात्र वेगळे निघाले. भारतात १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर केंद्रे उभी राहू लागली. त्यांच्या गुणवत्तेविषयी तक्रारी असोत, पण ती टिकली. दक्षिण आफ्रिकेत ४०० पैकी उभी राहिली ती सुमारे ४०.

अस्त

मे १९४८ च्या निवडणुकीत नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. या एकाच घटनेवर प्रयोगाच्या अंताचे सारे खापर फोडण्याचा मोह होतो, आणि तो बराचसा न्याय्यही आहे. पण दोरी त्याआधीच कच्ची होती. प्रांतांनी आपली रुग्णालये सोडण्यास नकार दिला होता. स्मट्स यांच्या मंत्रिमंडळाने तो मान्य केला. त्यामुळे केंद्रे संघराज्याची आणि रुग्णालये प्रांतांची, असे दोन संसार राहिले. पगारी सेवेकडे खासगी व्यावसायिक साशंकतेने पाहत होते. ग्लुकमन १९४५ ते १९४८ या काळात स्वतः आरोग्यमंत्री असूनही या दोन अडथळ्यांपुढे त्यांचे फारसे चालले नाही. १९४८ नंतरच्या शासनाला ही केंद्रे मोडण्यासाठी कायदा करावा लागला नाही. निधी आटत गेला, रिकाम्या जागा भरल्या गेल्या नाहीत, प्रतिबंधक काम मागे पडून केंद्रे हळूहळू साध्या बाह्यरुग्ण दवाखान्यांच्या पातळीवर आली. दरबान येथे आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी कार्क यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या संस्थेने त्या शहरातील आफ्रिकन आणि भारतीय वस्त्यांतही फोलेलाची पद्धत नेली होती. तीही १९६० च्या सुमारास संपुष्टात आली.

दार ठोठावून विचारपूस करणारा साहाय्यक नाहीसा झाला तरी केंद्राच्या इमारतीवरील पाटी तशीच राहते. योजना रद्द झाल्याची बातमी होते; ती पोकळ होत गेल्याची होत नाही.

माणसे पांगली. कॅसल १९५३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले आणि सामाजिक साथरोगशास्त्राचे एक अध्वर्यू ठरले. कार्क दांपत्यही प्रथम तेथे आणि १९५९ मध्ये जेरुसलेमला गेले. जॅक गायगर या अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्याने १९५७ मध्ये काही महिने फोलेलात आणि दरबानमध्ये काढले होते. त्याने तेथील धडा मिसिसिपी राज्यातील माउंड बायू या गरीब कृष्णवर्णीय गावात नेला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या तेथील केंद्राचे डॉक्टर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि त्याचा खर्च औषधांच्या खात्यावर टाकत. वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा कुपोषणावरील ग्रंथोक्त औषध अन्न हेच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. अमेरिकेतील सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या चळवळीचा आरंभ माउंड बायू आणि बॉस्टन येथील अशाच केंद्रांतून झाला.

आंतरराष्ट्रीय स्मृतीतून मात्र फोलेला निसटले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकाधारित आरोग्यसेवेवरील बहुचर्चित संकलनात टांझानिया होते आणि आरोळे दांपत्याचे जामखेडही होते. दक्षिण आफ्रिकेचा मतदानाचा हक्क संघटनेने १९६४ मध्येच काढून घेतला होता. वर्णभेदी राजवटीवरील तो बहिष्कार सर्वथैव योग्य होता. मात्र त्या राजवटीने ज्या प्रयोगाचा गळा घोटला त्याचे नावही या बहिष्काराबरोबर बाहेर राहिले.

पुनरागमन

२४ मे १९९४ रोजी नव्या संसदेपुढील भाषणात नेल्सन मंडेला यांनी गर्भवती स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांना शासकीय दवाखान्यांत मोफत सेवा देण्याची घोषणा केली. १९९६ मध्ये शासकीय प्राथमिक आरोग्यसेवा सर्वांसाठी मोफत झाली. दवाखान्यांपुढील रांगा वाढल्या, परिचारिकांवर ताण आला, औषधांचा तुटवडा जाणवला. तरी ज्या खेड्यांत डॉक्टर पाहणेही चैनीचे होते तेथे दार उघडले गेले. पण हे दार दवाखान्याचे होते. घरोघरची नोंदवही त्याबरोबर परत आली नाही, आणि रांगेत न आलेली माणसे पुन्हा एकदा मोजणीबाहेर राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी २०११ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेने वॉर्डनिहाय पथके नेमून घरभेटींचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी तेथील आरोग्यमंत्र्यांनी जो आदर्श पुढे ठेवला तो ब्राझीलचा होता. बल्वरजवळचे फोलेला केंद्र त्या वेळी प्रांतिक खात्याचे सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणून चालू होते, आणि आजही आहे.